चाल ओठांवर, नाव हरवलेलं: जुनी इंग्रजी पॉप-रॉक गाणी शोधायची कशी

गेल्या हिवाळ्यात आत्या मटार सोलत बसली होती. सोलता सोलता काहीतरी गुणगुणत होती, ला ला ला ला ला ला. चाल हिंदी नव्हती, मराठीही नव्हती. मी विचारलं, "आत्या, हे कुठलं गं?" तिचे हात थांबले. "नाव नाही माहीत. खोताच्या वाडीत ऐकायचो आम्ही. पन्नासेक वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं, आज कुठून आलं कोण जाणे."

ते गाणं शोधायला मला चार दिवस लागले. त्यानंतर नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, ऑफिसमधल्या मंडळींची अशी बरीच गाणी शोधून दिली आणि त्यातून एक पद्धत हाताला बसली. तीच इथे सविस्तर लिहिते आहे. साधारण १९५५ ते २००० या काळातल्या इंग्रजी पॉप आणि रॉक गाण्यांसाठी ती उपयोगी पडेल.

हिंदी-मराठी गाण्याचा शोध तसा सोपा असतो. चित्रपट, गायक, संगीतकार यांची नोंद पक्की असते, आणि रेडिओवर निवेदक ही नावं इतक्यांदा सांगायचे की ती पाठच व्हायची. इंग्रजी गाणं मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे नावाशिवायच आलं. शेजारच्या घरातून, इराण्याच्या ज्यूकबॉक्समधून, रिसेप्शनला वाजवणाऱ्या गोवेकर बँडकडून, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवरून. शब्द अर्धेमुर्धे कळलेले, गायक कोण हे कुणाला विचारलेलं नाही. त्यामुळे इथे नावापासून सुरुवात करता येत नाही. गाण्याच्या आजूबाजूला जे जे आठवतं, तिथून करावी लागते.

पहिली पायरी: काहीही ऐकण्याआधी लिहून काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि जवळजवळ प्रत्येक जण तीच गाळतो. लगेच फोन काढतो, "हे का? हे का?" म्हणत दहा गाणी वाजवतो. त्याने होतं असं की चुकीच्या गाण्यांच्या चाली मूळ आठवणीत मिसळतात. अर्ध्या तासाने विचारलं तर माणूस पहिल्यापेक्षा वेगळंच काहीतरी गुणगुणतो. म्हणून आधी फोनवर फक्त रेकॉर्डिंग चालू करा, जे गुणगुणलं जातंय ते तसंच टिपून ठेवा आणि मग प्रश्न विचारा.

"कोणत्या साली?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, साल कुणालाच आठवत नाही. त्याऐवजी विचारा: तेव्हा कोणत्या घरात राहत होतात? शाळा की कॉलेज? गाणं कशावर वाजायचं, तबकडीवर, रेडिओवर, कॅसेटवर की टीव्हीवर? सोबत कोण असायचं? लोक नाचायचे का? कॅसेट म्हटलं की बहुतेक वेळा ऐंशीचं दशक किंवा त्यानंतरचा काळ. व्हिडिओ आठवत असेल आणि घरी केबल असेल तर १९९१ नंतरचा, कारण उपग्रह वाहिन्यांवरून एमटीव्ही आपल्याकडे तेव्हा आलं. पण ऐकण्याचा काळ आणि गाण्याचा काळ एकच असेल असं नाही. कॅसेटवर जुनी गाणीही भरलेली असायची, हे ध्यानात ठेवा.

आत्याकडून पहिल्या बैठकीत मी एवढं लिहून घेतलं: गिरगाव, रविवारची दुपार, समोरच्या ख्रिस्ती कुटुंबाचा रेकॉर्ड प्लेअर, ती आठवी-नववीत. म्हणजे १९६८-६९. पातळ, स्वच्छ आवाजाची मुलगी गाते, "आमच्याच वयाची वाटायची". सुरुवातीला संतूरसारखं काहीतरी वाजतं. गाणं संथ सुरू होतं, मग ठेका वाढत जातो आणि ला ला लाला सगळे टाळ्या वाजवून साथ देतात.

तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तिसऱ्या दिवशीही. आठवण एका फटक्यात बाहेर येत नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आत्या सहज म्हणाली, "त्या तबकडीवर सफरचंद होतं. हिरवं. आणि उलटी केली की कापलेलं सफरचंद." हे तिने आधीच्या दोन दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं, आणि सगळं कुलूप उघडलं ते याच किल्लीने. कसं ते पुढे येईलच.

शब्द आठवत असतील तर ते देवनागरीत, जसे ऐकू आले तसे लिहा. इंग्रजीत दुरुस्त करून लिहू नका. चुकीच्या ऐकण्यातही स्वर आणि अक्षरांची संख्या बहुधा बरोबर असते. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या एका गाण्यातलं 'बॅड मून ऑन द राइज' हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही 'बाथरूम ऑन द राइट' असं ऐकू आलं. दोन्ही मोजून पाहा, घाट तोच आहे. तुम्ही आधीच 'सुधारून' लिहिलंत तर हा घाट मोडतो.

दुसरी पायरी: आवाजावरून काळ ओळखा

कान थोडा तयार केला की नुसत्या वाद्यांवरून गाण्याचं दशक सांगता येतं. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून जरा रेंगाळते.

सतारीपासून सुरुवात करू, कारण तिथे आपला कान इतरांपेक्षा तयार असतो. इंग्रजी पॉप गाण्यात खरी सतार आली ती डिसेंबर १९६५ मध्ये, बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये. १९६६ मध्ये रोलिंग स्टोन्सचं 'पेंट इट ब्लॅक' आलं. मग १९६७ पासून इलेक्ट्रिक सतार नावाचं वाद्य आलं, जे मुळात गिटारच आहे, फक्त घोडी अशी बसवलेली की सूर झणझणतो. लेमन पायपर्सचं 'ग्रीन टँबरीन' आणि बी. जे. थॉमसचं १९६८ चं 'हुक्ड ऑन अ फीलिंग' ही तिची उदाहरणं. खऱ्या सतारीची मींड आणि तरफांचा नाद ज्याने ऐकलाय त्याला फरक पटकन कळतो: इलेक्ट्रिक सतारीचा सूर झणझणतो आणि लगेच विझतो. असा आवाज आठवत असेल तर सरळ १९६७ नंतरची दोन-तीन वर्षं धरा.

ढोल-ताशांचा आवाज ऐकून वाढलेल्यांना ड्रमचा फरकही कळतो. १९८१ मध्ये फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' आलं. त्यात ड्रमवर टोला पडला की आवाज एकदम प्रचंड मोठा होतो आणि शेपूट कापल्यासारखा जागीच थांबतो. हे तंत्र पुढे ऐंशीच्या दशकभर जिथे तिथे वापरलं गेलं. तसा ड्रम आठवत असेल तर गाणं १९८१ च्या आधीचं असण्याची शक्यता फार कमी. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर बाजारात आला. काचेच्या घंटेसारखा किणकिणणारा पियानो आणि त्यावर हळवं प्रेमगीत असेल तर बहुधा तोच.

बाकीच्या खुणा थोडक्यात. बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारची चमचम: १९६४-६६. प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या ड्रमचा सारखा ठोका आणि वर व्हायोलिनांचा ताफा: डिस्को, सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. गिटारच माणसासारखी बोलतेय असं वाटलं तर टॉक बॉक्स नावाचं उपकरण. पीटर फ्रॅम्प्टनने ते १९७६ च्या सुमारास घराघरांत पोहोचवलं आणि दहा वर्षांनी बॉन जोव्हीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्येही ते आहे. कडवं दबक्या आवाजात आणि धृवपदाला गिटारींचा स्फोट: नव्वदच्या दशकाची सुरुवात. गळ्यातून यंत्रासारख्या पायऱ्या पडत सूर बदलतोय असं वाटलं तर १९९८ किंवा नंतर, कारण शेअर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह'ने तो प्रकार लोकप्रिय केला.

एक सावधगिरी घ्या. काही गाणी वाजली एकदा आणि गाजली भलत्याच वेळी. मूडी ब्लूजचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' १९६७ चं, पण अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं १९७२ मध्ये. यूबी४० चं 'रेड रेड वाइन' इंग्लंडमध्ये १९८३ ला पहिलं आलं, अमेरिकेत तेच रेकॉर्डिंग १९८८ ला. म्हणून कानाने काढलेलं साल आणि आठवणीतलं साल जुळलं नाही तरी घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा.

तिसरी पायरी: फोनला ऐकवा, पण काय ऐकवताय ते समजून

फोनवरच्या ओळखीच्या सोयी दोन जातींच्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. शझामसारखी ॲप्स रेकॉर्डिंग ओळखतात. त्यांच्यापुढे मूळ तबकडी किंवा कॅसेटचा आवाज वाजला पाहिजे, तुमचं गुणगुणणं त्यांना कळत नाही. दुसरी जात चाल ओळखणारी. गुगलच्या ॲपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून ही सोय आहे: माइकच्या खुणेवर बोट ठेवायचं, गाणं शोधण्याचा पर्याय निवडायचा आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं. साउंडहाउंडही गुणगुणलेलं ओळखतं.

गुणगुणताना आपल्या मंडळींची एक सवय आड येते. आपण नकळत हरकती घेतो, सुरावरून सुरावर घसरत जातो. यंत्राला सपाट, सरळ सूर हवा. 'ला' किंवा 'ता' म्हणत एकेक सूर सुटा, ठसठशीत लावा. शब्द म्हणू नका. शक्यतो धृवपद घ्या, आणि नाहीच ओळखलं तर गाण्याचा दुसरा तुकडा द्या. लय फार ओढू नका. म्हाताऱ्या माणसाचा सूर हलत असेल तर त्याच्याकडून ऐकून घरातल्या सुरेल व्यक्तीने ते म्हणावं. आत्याची चाल आमच्या धाकट्या भाचीने म्हटली तेव्हा कुठे यंत्राने काही नावं दिली.

कॅसेट असेल तर निराळी अडचण. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला असतो, गाणं हळू आणि खालच्या पट्टीत वाजतं, आणि रेकॉर्डिंग ओळखणारं ॲप गोंधळतं. अशा वेळी कॅसेट संगणकात घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात वेग दोन-चार टक्क्यांनी वाढवत नेऊन प्रत्येक वेळी ॲपला ऐकवा. मी एका ओळखीच्यांची कॅसेट अशीच पाच टक्के जास्त वेगात वाजवली तेव्हा पहिल्याच झटक्यात नाव आलं.

चौथी पायरी: शब्दांवरून शोध, आणि नावाचा चकवा

सलग चार-पाच शब्द नक्की आठवत असतील तर ते अवतरणचिन्हांत घालून शोधा, सोबत इंग्रजीत 'लिरिक्स' लिहा. शब्दांबद्दल खात्री नसेल तर अवतरणचिन्हं काढा. सगळ्यात विचित्र शब्द निवडा. 'लव्ह', 'बेबी', 'नाइट' यांनी काही हाती लागणार नाही. एखादं गावाचं नाव, वाराचं नाव, एखादी वस्तू लगेच वाट दाखवते.

पण पुष्कळ गाण्यांचं नाव गाण्यात येतच नाही. राइचस ब्रदर्सचं 'अनचेन्ड मेलडी' घ्या. 'अनचेन्ड' हा शब्द त्यात नाही, कारण ते मुळात १९५५ च्या 'अनचेन्ड' नावाच्या चित्रपटासाठी लिहिलेलं. डेव्हिड बोवीचं 'स्पेस ऑडिटी' सगळ्यांना 'मेजर टॉम' म्हणून आठवतं, आणि पुन्हा १९८३ मध्ये पीटर शिलिंगने 'मेजर टॉम' नावाचंच वेगळं गाणं केलं, त्यामुळे घोळ दुप्पट. चंबावांबाचं 'टबथंपिंग' हे नाव तर गाणं पाठ असलेल्यालाही सांगता येत नाही.

यातलं एक नाव आपल्या फार जवळचं आहे. द हू या इंग्लिश बँडचं १९७१ चं गाणं, सुरुवातीला ऑर्गनचे भराभर फिरणारे सूर, धृवपदात 'टीनेज वेस्टलँड'. लोक त्याच नावाने शोधतात. गाण्याचं खरं नाव 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादचे. बँडचा गिटारवादक आणि हे गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. नगर-दौंड रस्त्याने जाताना अरणगावला समाधीची पाटी दिसते तेव्हा मला हटकून तो ऑर्गन ऐकू येतो.

आणि 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे शब्दही मेहेरबाबांचेच. बॉबी मॅकफेरिनने ते एका पोस्टरवर वाचले आणि १९८८ मध्ये त्यावर गाणं केलं. त्यात एकही वाद्य नाही, सगळे आवाज त्याच्या तोंडाचे आणि अंगावर दिलेल्या टिचक्या-थापांचे. तरीही आजसुद्धा शेकडो ठिकाणी ते बॉब मार्लेच्या नावावर सापडतं. मार्ले १९८१ सालीच गेला. संगणकावरून गाण्यांची देवाणघेवाण सुरू झाली त्या काळात अशा चुकीच्या नावांच्या फाइली पसरल्या आणि त्या आजवर फिरताहेत. स्टीलर्स व्हीलचं 'स्टक इन द मिडल विथ यू' बॉब डिलनच्या नावावर, अमेरिका या बँडचं 'अ हॉर्स विथ नो नेम' नील यंगच्या नावावर. म्हणून एका ठिकाणी नाव सापडलं की थांबू नका. त्या गायकाच्या अल्बमांच्या यादीत ते गाणं खरोखर आहे का, ते तपासा.

पाचवी पायरी: लोकप्रियतेच्या जुन्या याद्या

चाल, शब्द, दोन्ही वाटा बंद झाल्या की याद्यांकडे वळा. हे काम सावकाशीचं आहे, पण फार आनंदाचं. अमेरिकेची बिलबोर्ड हॉट १०० यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून दर आठवड्याला निघते आहे. इंग्लंडची यादी १४ नोव्हेंबर १९५२ पासूनची. दोन्ही इंटरनेटवर आठवड्यागणिक पाहायला मिळतात.

आपल्यासाठी पहिला सल्ला: आधी इंग्लंडची यादी पाहा. आपल्याकडे घरोघरी वाजलेलं बरंच काही अमेरिकेत फारसं चाललंच नव्हतं. बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिलं होतं, अमेरिकेत ते तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. ॲबाची नऊ गाणी इंग्लंडमध्ये पहिली आली, अमेरिकेत एकच, 'डान्सिंग क्वीन'.

वर्षाअखेरीच्या 'टॉप' याद्यांवर विसंबू नका, त्यांत सगळ्यांना आठवणारीच गाणी असतात. विसरलेलं गाणं सापडतं ते आठवड्याच्या यादीत, पंधरा ते चाळीस क्रमांकांच्या पट्ट्यात. अंदाजे सालाच्या मागेपुढे एकेक वर्ष धरा आणि महिन्याला एकच यादी उघडा. गाणं यादीत काही आठवडे टिकतं, त्यामुळे महिन्याची एक यादी पुरते. जी नावं ओळखीची वाटत नाहीत तेवढ्यांवर खूण करा आणि प्रत्येकाचं धृवपद दहा सेकंद ऐका. एका बैठकीत दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त याद्या घेऊ नका, नंतर कान बधिर होतात.

याद्यांनाही भोकं आहेत. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टु हेवन' अमेरिकेत सुट्या तबकडीवर (म्हणजे एकेका गाण्यासाठी निघणाऱ्या छोट्या तबकडीवर, सिंगलवर) विक्रीला आलंच नाही, म्हणून ते हॉट १०० मध्ये नाही. डिसेंबर १९९८ पर्यंत तिथे नियमच असा होता की सुटी प्रत विक्रीला नसेल तर गाणं रेडिओवर कितीही वाजो, यादीत घ्यायचं नाही. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' १९९६-९७ मध्ये रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं होतं आणि हॉट १०० मध्ये त्याचं नावही नाही. नव्वदच्या दशकातलं गाणं शोधत असाल तर रेडिओची वेगळी यादी पाहायलाच हवी.

विसरलोय हेच विसरलोय, अशी गाणीही याच वाटेने परत येतात. स्वतःचं चौदावं-पंधरावं वर्ष काढा, त्या वर्षाच्या याद्या खालून वर वाचत या. नुसतं नाव वाचून चाल उसळून वर येते. आईवडिलांबरोबर हे करायचं असेल तर नावं मोठ्याने वाचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

सहावी पायरी: तबकडी आणि कॅसेटच्या खुणा

वस्तू हाताशी असेल तर ती नीट न्याहाळा. तबकडीच्या मधल्या कागदावर कंपनीचा क्रमांक असतो, आणि कागदाच्या कडेला, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यावर, आणखी एक क्रमांक कोरलेला असतो. उजेडात तिरकी धरली की तो दिसतो. कागद फाटला, रंग उडाला तरी हा क्रमांक राहतो. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर तो टाकून शोधा. आपल्याकडच्या अनेक तबकड्या कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या, त्यांचे क्रमांकही तिथे पुष्कळ सापडतात.

कॅसेटवर काही लिहिलेलं नसेल तर शेजारची गाणी हेच पुरावे. ओळखीच्या गाण्यांतलं सगळ्यात उशिराचं कोणतं ते पाहा, भरणी त्यानंतरचीच असणार. जर्मनीत एका मुलाने १९८४ च्या सुमारास एनडीआर या रेडिओवरून कॅसेटवर भरलेलं एक अनोळखी गाणं २००७ पासून जगभरचे लोक शोधत होते. शेजारची गाणी, टेपडेकचं मॉडेल, सगळं तपासून काळ ठरवला गेला. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये उलगडा झाला तो जुन्या वर्तमानपत्राच्या आधारे: कील शहरातल्या फेक्स नावाच्या बँडचं 'सबवेज ऑफ युवर माइंड'. सतरा वर्षं लागली.

सातवी पायरी: गाणं तेच, पण रेकॉर्डिंग कोणतं?

नाव मिळालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. मला विचाराल तर खरी चूक इथेच होते. ज्याने ते गाणं ऐकलंय त्याला तेच रेकॉर्डिंग ऐकवलं नाही तर तो म्हणतो, "हो, आहे तसंच, पण हे नव्हे."

कॉर्नरशॉप या इंग्लिश बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' घ्या. आपल्या आशाताईंना केलेला तो सलाम १९९७ मध्ये आला तेव्हा इंग्लंडच्या यादीत साठाव्या क्रमांकापाशी राहिला. नॉर्मन कुक या डीजेने वेग वाढवून त्याचं रीमिक्स केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिलं आलं. ज्यांना गाणं आठवतं त्यांना बहुधा हे दुसरं आठवत असतं. 'टेंटेड लव्ह' सॉफ्ट सेलचं १९८१ चं, पण त्याआधी साठच्या दशकात ग्लोरिया जोन्सने ते गायलेलं. द डोअर्सचं 'लाइट माय फायर' अल्बमवर सुमारे सात मिनिटांचं, सुट्या तबकडीवर तीन मिनिटांच्याही आत.

आणखी एक फसवणूक नीट ओळखायला शिका. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक गायकांनी आपलीच गाजलेली गाणी वीस-तीस वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. स्वस्तातल्या संग्रहांत आणि ऑनलाइन याद्यांत हीच रेकॉर्डिंग्ज मूळ म्हणून भरलेली असतात. आवाज जाडसर झालेला, ड्रम फार स्वच्छ, शेवट वेगळा, लांबी दहा-वीस सेकंदांनी निराळी. शंका आली की मूळ तबकडीवर छापलेली मिनिटं-सेकंदं डिस्कॉग्जवर पाहा आणि ताडून घ्या.

आत्याचं गाणं

आता हे सगळे धागे एकत्र कसे आले ते सांगते. भाचीच्या गुणगुणण्यावरून ॲपने आधी एक रशियन गाणं दिलं, मग दालिदा या गायिकेचं फ्रेंच. चाल तंतोतंत तीच, पण आत्याने ऐकलेलं इंग्रजी होतं. चाल मुळात बोरिस फोमिन या रशियन संगीतकाराची, १९२० च्या दशकातली. तिला जीन रस्किनने इंग्रजी शब्द दिले आणि पुढे ती कितीतरी भाषांत गायली गेली. म्हणजे चाल सापडली, गाणारी सापडायची होती.

तेव्हा आत्याने सफरचंद सांगितलं. एका बाजूला हिरवं अख्खं, दुसऱ्या बाजूला कापलेलं: ही बीटल्सच्या ॲपल कंपनीची खूण. मी आधी बीटल्सच्या गाण्यांतच शोधत बसले आणि एक संध्याकाळ तिथे गेली. पण आत्या ठामपणे म्हणत होती, मुलगी गाते. ॲपलने ऑगस्ट १९६८ मध्ये आपली पहिली गाणी काढली त्यांत 'हे ज्यूड' होतं आणि त्याच्याबरोबर अठरा वर्षांच्या मेरी हॉपकिन या वेल्समधल्या मुलीचं 'दोज वेअर द डेज'. निर्माता पॉल मॅकार्टनी. इंग्लंडमध्ये त्याने 'हे ज्यूड'लाच खाली ओढून पहिला क्रमांक घेतला आणि सहा आठवडे सोडला नाही. १९६८, पातळ आवाजाची मुलगी, संतूरसारखं वाजणारं तंतुवाद्य, ला ला लाला सगळ्यांची साथ. लांबी पाच मिनिटांहून थोडी जास्त, त्या काळाच्या मानाने बरीच मोठी.

शेवटची पायरी: नोंद करून ठेवा

सापडलेलं गाणं पुन्हा हरवतं, म्हणून एक वही करा. गाणं, गायक, कंपनी, साल, रेकॉर्डिंगची लांबी. आणि त्याच्या खाली ज्याने ऐकलं त्याची नोंद: कुठे, कुणाच्या घरी, कोणत्या यत्तेत, आणि त्याला चाल आठवली ती कशी. पहिल्या दिवशी टिपलेलं गुणगुणणंही पुसू नका, त्याच नावाने जपून ठेवा. माझ्या वहीत पहिलं पान आत्याचं आहे: गिरगाव, खोताची वाडी, रविवार दुपार, सफरचंद.

मूळ रेकॉर्डिंग मी तिला रविवारी दुपारीच ऐकवलं, हेडफोन न लावता, खोलीभर. संतूरसारखे पहिले सूर आले तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली. ला ला लाला ती मोठ्याने गायली, सूर न चुकता. संपल्यावर थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कापलेल्या सफरचंदाच्या बाजूला काय होतं गं?"

इंग्लंडच्या मूळ तबकडीच्या मागच्या बाजूला 'टर्न! टर्न! टर्न!' आहे, त्याच मुलीच्या आवाजात. मी ते लावलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. "हे पहिल्यांदाच ऐकतेय," ती म्हणाली. "ते लोक पहिलीच बाजू पुन्हा पुन्हा लावायचे."